पसरणीचा शाहीर

भोर तालुक्यातले भोंगवली हे माझे माहेर. पुण्याच्या कॉलेजात मराठी शिकवू लागल्याला आता वीस वर्षे होत आली, तरी उन्हाळ्याची सुटी लागली की चार दिवस का होईना, गावी जाऊन यायचेच, असा माझा नेम आहे. अशाच एका मुक्कामात माझ्या भाच्याने मला ‘रॅप’ ऐकवला.

हा मुलगा बी.ए. झालेला, भरतीच्या धावण्यात दोनदा थोडक्यासाठी मागे पडलेला, आणि सध्या वडिलांच्या हाताखाली शेतात राबणारा. रात्री जेवणे झाल्यावर अंगणातल्या बाजेवर बसून त्याने मोबाईलवर ताल लावला आणि त्यावर तो घडाघड बोलू लागला. गाणे असे त्यात नव्हतेच. होते ते तालाला जखडलेले बोलणे. भरतीच्या मैदानावरची पहाट, पायातले उसने बूट, निकालाच्या यादीत वरून खाली आणि खालून वर फिरलेली नजर, घरी परत येताना एस.टी.त कोणी ओळखीचे भेटू नये म्हणून केलेली धडपड, असे सगळे त्यात होते. यमके कुठे जुळत होती, कुठे ओढूनताणून आणली होती. पण ऐकताना माझी वहिनी पदराने डोळे टिपत होती, हेही खरे.

“आत्या, तू कॉलेजात पोवाडा शिकवतेस ना? मग हा आमचा पोवाडा समज,” तो म्हणाला.

झाले! माझ्यातली मास्तरीण जागी झाली. “असे कसे समजू? पोवाडा म्हणजे काय ते ठाऊक आहे का तुला?” असे म्हणून मी त्याला ऐकवायला सुरुवात केली. त्या रात्री अर्ध्यावर राहिलेले ते बोलणे इथे जरा सविस्तर मांडायचे आहे. कारण बोलता बोलता ते एका माणसापाशी येऊन थांबले आणि तो माणूस आमच्या गावापासून फार लांबचा नव्हे.

आधी रॅपची कुळकथा सांगते. न्यूयॉर्क शहरात ब्रॉंक्स नावाचा भाग आहे. अठरापगड गरिबांची वस्ती, जळकी घरे, बेकार तरुण, अशी त्या काळी त्याची ख्याती होती. तिथे ११ ऑगस्ट १९७३ रोजी एका मुलीने शाळा सुरू होण्याआधी नव्या कपड्यांपुरते पैसे जमावेत म्हणून, आपण राहतो त्याच इमारतीतल्या एका सामाईक खोलीत नाचगाण्याचा कार्यक्रम ठेवला. तिकीट मुलींना पाव डॉलर, मुलांना अर्धा. तबकड्या वाजवायला तिचा अठरा वर्षांचा भाऊ. हे कुटुंब जमैकाहून आलेले. भावाने पुढे ‘कूल हर्क’ या नावाने कीर्ती मिळवली. गाण्यात मधेच एक जागा अशी येते, की तिथे गायक थांबतो आणि नुसता ताल उरतो. लोक खरे नाचतात ते तिथेच, हे या पोराने हेरले होते. तेव्हा एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर ठेवून तो तेवढाच तुकडा आलटून पालटून वाजवीत राहिला. त्या लांबवलेल्या तालावर कोणीतरी बोलू लागले, बोलण्याला यमक आले, आणि रॅपची वाट रुळली. मुंबईच्या गल्ल्यांतून ती कशी वाढली हे २०१९ च्या ‘गली बॉय’ या हिंदी चित्रपटाने घरोघर पोचवले. मराठीतही ती इतकी रुजली आहे, की २०२३ च्या एप्रिलमध्ये राजकारण्यांवर रॅप रचणाऱ्या मराठी तरुणांवर पोलिसांत गुन्हे नोंदले गेले. कवितेवर गुन्हा नोंदला जाणे म्हणजे ती कोणीतरी कान देऊन ऐकतो आहे, एवढे तरी निश्चित!

आता पोवाडा. आपल्याला ठाऊक असलेल्या जुन्या पोवाड्यांत पहिला मान अज्ञानदासाच्या अफझलखानवधाच्या पोवाड्याचा. प्रसंग १६५९ चा. दुसरा तुळशीदासाचा, तानाजीने १६७० त सिंहगड घेतला त्याचा. हे सारे आमच्या डोंगरांतले. अफझलखानाच्या स्वारीत शिवाजीराजांच्या पाठीशी आपले वतन पणाला लावून उभे राहिले ते कान्होजी जेधे भोर तालुक्यातल्या कारीचे. हे पोवाडे शेकडो वर्षे गोंधळ्या-शाहिरांच्या तोंडी होते. ते गोळा करून छापण्याचे श्रेय ॲक्वर्थ या इंग्रज अधिकाऱ्याला आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांना जाते. त्यांचा संग्रह १८९१ चा. छापले गेले ते उत्तमच झाले. मात्र त्यामुळे पोवाडा हा वाचण्याचा प्रकार आहे, असा समज आम्हां प्राध्यापक मंडळींत जो पसरला तो पसरलाच. कागदावरचा पोवाडा फार ओबडधोबड दिसतो. एक ओळ वीतभर, दुसरी हातभर. छंदाची मोजपट्टी लावणारा परीक्षक त्याला नापासच करील. पण डफावर थाप पडली, तुणतुण्याने सूर धरला आणि मागून झीलकऱ्यांनी ‘जी जी’ची साथ दिली, की त्याच ओळी कशा तलवारीसारख्या लखलखतात! कारण त्या ओळी गाण्यासाठी नसतातच. त्या तालावर ठासून बोलण्यासाठी असतात. भाच्याचे म्हणणे इथवर मला मान्य करावे लागले.

माझी अडचण निराळीच होती. पोवाड्यात शाहीर स्वतः कुठे असतो? अगदी शेवटी. साऱ्यांचा पराक्रम सांगून झाल्यावर अखेरच्या चौकात तो आपले नाव हळूच गुंफतो आणि बाजूला होतो. रॅपवाला मात्र आरंभीच आपले नाव सांगतो, मग आपली गल्ली, आपली गरिबी, आपला अपमान, आपली जिद्द. त्याचा नायक तोच. “मग शाहिराला काय दुःखच नसतंय?” भाच्याने विचारले. प्रश्न वरवर पोरकट, पण मला तो चांगलाच लागला. आणि मला आठवले ते कृष्णराव गणपतराव साबळे.

आमच्या भागातून पुणे-सातारा रस्त्याला लागावे, नीरा ओलांडून शिरवळ घ्यावे, खंबाटकीचा घाट चढून उतरावा आणि सुरूरपाशी उजवीकडे वळून वाई गाठावी. वाईच्या पुढे पाचगणीचा घाट सुरू होतो त्याच्या पायथ्याशी पसरणी आहे. घाटाला नावही गावाचेच. या पसरणीत ३ सप्टेंबर १९२३ रोजी शाहीर साबळे जन्मले. घरची परिस्थिती बेताची. शिक्षणासाठी त्यांना पार खानदेशात अमळनेरला आजीकडे पाठवले गेले. त्या काळच्या कष्टकरी घरात मुलाच्या गळ्यात सूर असणे ही आनंदाची वार्ता नसे. पोर तमाशात जाईल ही धास्ती आधी. शाळा सातवीपर्यंतच झाली. पण अमळनेर हे साने गुरुजींचे गाव. गुरुजींचा सहवास लाभला आणि या गळ्याला काहीतरी काम मिळाले.

काम मिळाले, हे मी मुद्दाम म्हणते. १९४२ चे आंदोलन, पुढे १९४७ त पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून गुरुजींनी उभारलेली चळवळ आणि मेच्या उन्हाळ्यात केलेले उपोषण, मग संयुक्त महाराष्ट्राचा लढा. या साऱ्यांत शाहीर हवाच असे. सभेला माणसे जमवायची तर वक्त्याच्या आधी डफ. ध्वनिक्षेपक बिघडला तरी शेवटच्या माणसापर्यंत पोचेल असा साबळ्यांचा खडा, उंच, निर्मळ आवाज होता. अमर शेख, अण्णाभाऊ साठे, द. ना. गव्हाणकर या मंडळींचे लाल बावटा कलापथक १९४४ पासून गिरणगाव हलवीत होतेच. साबळे त्यांच्या पक्षाचे नव्हते. ते गुरुजींच्या वळणाचे. पण काळ एकच आणि श्रोताही एकच: गावी अर्धे कुटुंब ठेवून मुंबईला आलेला कामगार.

१ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झाले. राजा बढे यांचे शब्द, श्रीनिवास खळे यांची चाल आणि साबळ्यांचा आवाज असे ‘जय जय महाराष्ट्र माझा’ घरोघर पोचले. आता पुढे काय? चळवळीच्या शाहिरापुढे यश हे केवढे संकट म्हणून उभे राहते, याचा विचार आपण फारसा करीत नाही. ज्याच्यासाठी डफ उचलला ते मिळाले. सभा ओसरल्या. अण्णाभाऊ १८ जुलै १९६९ ला गोरेगावच्या वस्तीत विपन्नावस्थेत गेले, आणि त्याच वर्षी २९ ऑगस्टला अमर शेख अपघातात गेले. दीड महिन्याच्या आत मराठी शाहिरीचे दोन खांब कोसळले. साबळे तेव्हा पंचेचाळीस वर्षांचे होते.

ते टिकले कसे, हे मला फार मोलाचे वाटते. ते हट्टाने जुनेच गात बसले नाहीत आणि गाणे सोडूनही गेले नाहीत. चळवळीचे दिवस सरत आले तेव्हाच त्यांनी तमाशाच्या वगाकडे मोर्चा वळवला होता. मुंबई सरकारने १९४७ नंतर काही काळ तमाशावर बंदी घातली होती; तेव्हापासून ‘लोकनाट्य’ हे नाव रूढ झाले आणि तमाशाचे नाव ऐकताच नाक मुरडणारी पांढरपेशी कुटुंबेही हळूहळू तिकडे फिरकू लागली. साबळ्यांनी आणखी एक पाऊल टाकून ‘मुक्तनाट्य’ काढले. गण, गवळण, बतावणी हा साचा सैल केला, चालू घडामोडींना वाव दिला, आणि गाणे, विनोद, टीका असे सारे मोकळेपणाने एकत्र नांदू दिले. ‘यमराज्यात एक रात्र’, ‘असुनी खास मालक घरचा’, ‘कोयना स्वयंवर’, ‘बापाचा बाप’ ही नावेच पाहा. तिकीट काढावेसे वाटावे अशी. राजा मयेकरांसारखा नट ‘शाहीर साबळे आणि पार्टी’त तळपला तो याच काळात. मुंबईत मराठी माणसाची नोकरीधंद्यात होणारी कुचंबणा मांडणारे ‘आंधळं दळतंय’ हे मुक्तनाट्य १९६६ च्या सुमाराचे. त्याच वर्षी शिवसेना स्थापन झाली, आणि त्या वातावरणाची मशागत या प्रयोगांनी केली असे अनेक जण मानतात. त्या राजकारणाविषयी मते निराळी असू शकतात. पण तिकीट काढून हसायला आलेले लोक काहीतरी मनाशी ठरवून घरी जातात, एवढी ताकद नाटकात असू शकते, हे मान्य करायला मत आड येऊ नये.

नंतर त्यांनी फिरते नाट्यगृह काढले. गावोगाव नाट्यगृहे नाहीत, तर नाट्यगृहच गावोगाव न्यावे! कल्पना केवढी थोर आणि खर्च केवढा! तंबू, रंगमंच, दिवे, गाड्या, माणसे. आणि वर पावसाळ्याचे चार महिने सक्तीची विश्रांती. ज्याने फड जवळून पाहिला आहे त्याला हे गणित समजावून सांगायला नको. तमाशा-फडाचा मालक दसऱ्याला उचल घेऊन बाहेर पडतो आणि गावोगावच्या जत्रा संपल्या की ती फेडायला लागतो. साबळ्यांचा हा उपक्रम टिकला नाही. माझ्या मते तो काळाच्या पुढचा नव्हता, तर काळाच्या खिशाबाहेरचा होता.

पण पैशाची खोट ही शाहिराला नवी नसते. घरातली खोट निराळी.

शाहिरांच्या पहिल्या पत्नी भानुमती या स्वतः कवयित्री होत्या. नवरा गाणारा आणि बायको लिहिणारी. साबळ्यांच्या आवाजात लोकांनी डोक्यावर घेतलेली कित्येक गीते त्यांच्या लेखणीतून उतरली. संसार मुलाबाळांचा, चिरंजीव देवदत्त पुढे संगीतकार झाले आणि कन्या चारुशीला अभिनेत्री. बाहेर नाव होत गेले आणि घरात अंतर पडत गेले. अखेर दोघे विभक्त झाले. त्यात कोणाचे किती चुकले, याचा निवाडा करण्याचा अधिकार मला नाही आणि वाचकांनाही नाही. मला दिसते ते एवढेच, की ज्या माणसाची गाणी बायकोच्या शब्दांवर उभी होती, त्याच्या गळ्यातून एके दिवशी ते शब्दच निघून गेले. आणि लिहिणाऱ्या बाईच्या शब्दांना तो आवाज उरला नाही. रेकॉर्डवरचे नाव गाणाऱ्याचे मोठे असते. लिहिणारीचे बारीक अक्षरात, आणि ऐकणाऱ्याच्या ध्यानात तर मुळीच नाही. आमच्या अभ्यासक्रमात शाहिरांवर प्रश्न येतो. भानुमतीबाईंवर आलेला मी अजून पाहिलेला नाही.

आता भाच्याचा प्रश्न: शाहिराला काय दुःखच नसते? साबळ्यांना एवढे सगळे झाले, पण लोकांना त्यांच्या गाण्यात त्याचा मागमूस लागला नाही. कोळ्यांच्या होडीचे गाणे, एकनाथांचे भारूड, खंडोबाचा जागर, आणि प्रत्येक वेळी आवाज तसाच खडा. शाहिरीत ‘मी’ला जागाच नाही, ‘आम्ही’ला आहे. एका परीने हे किती कठीण! भाचा आपले अपयश तालावर मांडून मोकळा होतो. शाहिराला घरचे कढ घरी ठेवून रात्री नऊला डफ घेऊन उभे राहावे लागते, आणि समोरच्या हजार माणसांचे दुःख आपले म्हणून गावे लागते. पण आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी आत्मचरित्र लिहिले आणि त्याला नाव दिले ‘माझा पवाडा’. जन्मभर दुसऱ्यांचे पवाडे गायिलेल्या माणसाने शेवटी ‘माझा’ हा शब्द उच्चारला, तोही कागदावर. हे नाव पहिल्यांदा वाचले तेव्हा मी पुस्तक तसेच मांडीवर ठेवून थोडा वेळ बसले होते.

मुक्तनाट्याचे दिवस मागे पडले तेव्हा साबळ्यांनी ‘महाराष्ट्राची लोकधारा’ उभी केली. वासुदेव, भूपाळी, गोंधळ, वाघ्या-मुरळी, कोळीगीत, धनगरी नाच, भारूड, लावणी. पहाटेपासून रात्रीपर्यंत महाराष्ट्र ज्या ज्या सुरांत जगत आला, ते सारे त्यांनी एका रंगमंचावर आणले. यावर आक्षेप घेणारे आहेत, आणि त्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. गोंधळ हा कुलदैवतासमोर, लग्नघरी, दिवटीच्या उजेडात व्हायचा. तो नाट्यगृहात रंगीत दिव्यांखाली दहा मिनिटांत उरकला की गोंधळ राहतो का? राहत नाही, हे मलाही मान्य आहे. पण आमच्या गावात लहानपणी पहाटे येणारा वासुदेव माझ्या भाच्याने कधी पाहिलेला नाही. ज्याच्या दारी तो येतच नाही, त्याने त्याला कुठे पाहावे? साबळ्यांनी देवघरातली मूर्ती उचलून दिवाणखान्यात आणली, हे खरे. पण देवघरेच पडत चालली होती, हेही तितकेच खरे.

लोकधारेत त्यांनी कोरी पोरे घेतली. चाळीतली, कॉलेजातली, अंगात कला आणि खिशात काही नाही अशी. भरत जाधव, अंकुश चौधरी, केदार शिंदे ही आज घरोघर ठाऊक असलेली नावे त्या कोरसातून आली. केदार शिंदे हे तर शाहिरांचे नातूच. कोरसात उभे राहणे ही मोठी शाळा आहे. स्वतःचा आवाज सगळ्यांत मिळवायचा, तरी ताल चुकला तर तो आपलाच चुकला हे ओळखायचे. हे मी भाच्याला सांगितले तेव्हा तो म्हणाला, “आम्ही एकटेच असतो आत्या. मागं जी जी म्हणायला कोणी नसतंय. मोबाईलच म्हणतो.” यावर मला काही उत्तर सुचले नाही.

सरकारदरबारी मानही मिळाले: १९८४ चा संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९९८ ची पद्मश्री. पण मला त्याहून मोठे वाटते ते पसरणीला त्यांनी उभे केलेले काम. वृद्ध, निराधार कलावंतांना आसरा मिळावा म्हणून त्यांनी आपल्या गावी तपस्याश्रम काढला. अण्णाभाऊंचा शेवट त्यांच्या पिढीने पाहिला होता. तारुण्यात ज्याच्यावर शिट्ट्या आणि पैसे उधळले जातात, त्या ढोलकीवाल्याचे हात साठीनंतर थरथरू लागले की त्याला विचारायला कोण येते? उत्पन्न हंगामी, निवृत्तिवेतनाचे नाव नाही आणि घर बहुधा फडाच्या मागेच सुटलेले. हे ज्याने आतून पाहिले, त्यानेच त्यावर काही केले.

२० मार्च २०१५ रोजी मुंबईत, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी शाहीर गेले. त्यांची जन्मशताब्दी २०२३ ची. त्याच वर्षी राज्य शासनाने ‘जय जय महाराष्ट्र माझा’ला राज्यगीताचा दर्जा दिला आणि १९ फेब्रुवारीला, शिवजयंतीच्या दिवसापासून, त्याची अंमलबजावणी सुरू झाली. बढ्यांच्या मूळ गीतातली दोन कडवी त्यासाठी निवडली गेली. आता शाळांतूनही ते म्हटले जाते. सातवीनंतर ज्याची शाळा सुटली, त्याचा आवाज असा शाळेत परत आला.

आणि २८ एप्रिलला ‘महाराष्ट्र शाहीर’ हा चित्रपट लागला. दिग्दर्शन नातवाचे, संगीत अजय-अतुल यांचे. शाहिरांच्या भूमिकेत होते अंकुश चौधरी, लोकधारेच्या कोरसातले. भानुमतीबाईंच्या भूमिकेत केदार शिंदे यांची कन्या सना, म्हणजे शाहिरांची पणती. मी तो पुण्यात पाहिला. भाचा गावाहून मुद्दाम आला होता. भानुमतीबाई पडद्यावर लिहायला बसतात आणि शाहीर ते शब्द गुणगुणून पाहतात, तेव्हा तो माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, “आत्या, म्हणजे ह्यांचा लिहिणारा निराळा होता!” रॅपवाल्याच्या लेखी ही फार मोठी गोष्ट. त्यांच्यात दुसऱ्याचे लिहिलेले म्हणणाऱ्याला मान नसतो.

मध्यंतरात मी त्याला भजी घेऊन दिली. त्याने मला विचारले, पसरणीला जायला कुठली गाडी सोयीची. मी म्हटले, शिरवळहून वाई धर, पुढे पाचगणीची कुठलीही चालेल.